कार्बनअण्णा आणि येळवशीचे पाहुणे

दुबलगुंडीचा शिवशरण जगदेवीला बघायला कोहिनूरला आला, त्या दिवशी त्याला बसलेला पाहिल्याचा एकही साक्षीदार आजवर मिळालेला नाही. जीप दारात थांबायच्या आधीच नवरदेवानं उडी मारली म्हणतात, आणि मारली ती थेट गोठ्यात. सोबतची वडीलधारी माणसं सतरंजीवर मांड्या घालून बसली, पाणी झालं, पानसुपारी झाली, जगदेवी डोक्यावर पदर घेऊन चुरमुऱ्यांच्या सुसल्याच्या ताटल्या घेऊन बाहेर आली, आणि ज्याच्यासाठी एवढा थाट तोच जागेवर नाही. शोधाशोध सुरू झाली. दोघांनी आडात डोकावून पाहिलं. शेवटी शेजारच्या माळवदावरून आवाज आला, "हा धूर कुनाचा हाय हो?"

धूर गावाबाहेरच्या वीटभट्टीचा होता. त्या धुराचा माग काढत शिवशरण एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावर उड्या मारत अर्धं कोहिनूर ओलांडून गेला. वाटेत त्यानं तीन घरांच्या कुरड्या तुडवल्या, एका म्हातारीच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर पाय दिला आणि म्हातारीनं वानर समजून भिरकावलेला खराटा पाठीवर घेतला. परत आला तेव्हा तोंड भट्टीतून काढल्यासारखं काळं. होणाऱ्या सासऱ्याला रामराम नाही, शरणु शरणार्थी नाही. पहिलं वाक्य काय, तर, "मामा, त्या भट्टीचा धूर सरळ तुमच्या म्हशीच्या तोंडावर जायलाय. ही म्हैस काय टिकायची न्हाई."

"पोरीला काई इचारायचं असंल तर इचारा," सासरे दात आवळून म्हणाले.

शिवशरणनं विचारलं, "तुमच्या चुलीचं तोंड कोनीकडं हाय?"

"तुमी बसा, मंग सांगते," जगदेवी म्हणाली.

तो बसला नाही. पोरीचा बाप म्हणाला, पोरगं भ्रमिष्ट आहे. जगदेवी म्हणाली, हेच स्थळ करा. तिचे चार भाऊ दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत घरात पलंगावर पडून असत. पलंगाला मुळं फुटायची तेवढी राहिली होती. तिनं मनाशी धरलं, की हा माणूस घरात टिकणार नाही, आपल्याला घर मोकळं मिळेल. तिथं ती साफ फसली. न बसणारा माणूस घरातल्या दुसऱ्या कुणालाही बसू देत नाही, हे तिला हळद निघायच्या आत कळलं.

शिवशरण जेवायचा तोही अर्धा उकिडवा. एक चप्पल पायात, एक पायातून निम्मी सुटलेली, खांद्यावर टॉवेल, आणि नाक सदा वर. तुरीच्या काड्या जाळणाऱ्या चुलतभावाशी भांडण, डिझेलचं इंजिन लावणाऱ्या शेजाऱ्याशी भांडण, स्वतःच्या वरातीत फटाके लावणाऱ्या मेहुण्याशी तर घोड्यावरूनच भांडण. रात्री झोपेतही तो पाय हलवायचा. सकाळी पांघरूण पायथ्याशी, उशी दाराशी, आणि स्वतः अंगणात हवेचा वास घेत उभा.

एवढी वर्षं त्याच्या तक्रारीला नाव नव्हतं. ते मिळालं हुमनाबादला. मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करायला गेला होता. दुकान उघडायला वेळ होता, आणि वेळ असला की हा कुठंही घुसायचा. समोरच्या मंगल कार्यालयात कुठल्याशा संस्थेचं शिबिर चाललं होतं, त्यात घुसला. संध्याकाळी स्टार्टर तसाच नादुरुस्त घेऊन परत आला, पण सोबत एक शब्द घेऊन आला.

"जगदेवी, त्याला कार्बन म्हनत्यात."

"कुनाला?"

"सगळ्याला!"

तेव्हापासून गावानं त्याला कार्बनअण्णा केलं. शिबिरात सांगितलेले आकडे त्याच्या डोक्यात काही राहिले नाहीत, म्हणून त्यानं स्वतःचं माप काढलं: हत्ती. हुमनाबादच्या हायवेवरून गेलेली एक लॉरी म्हणजे वर एक हत्तीएवढा कार्बन. ऐकणारा मान डोलवत असला तर दोन हत्ती. समोर बायामाणसं असली आणि तोंडाला पदर लागले, तर हत्तींचा कळप. शाळेतली पोरं वाटेत अडवून विचारायची, "अण्णा, बिडीत किती हत्ती?" तो जराही न रागावता सांगायचा, "पिल्लू. पन पिल्लूच मोठं व्हतंय, लेकरांनो."

जगदेवी कपाळाला हात लावायची. पण गावात दुसरं कुणी तिच्या नवऱ्याला हसलं, की त्या घरी विरजण मागायला जायचं तिनं बंद केलेलं असायचं. अशी तिची निम्मी गल्ली तुटली होती.

आणि मग खरोखरचा हत्ती आला.

गावाच्या वरच्या अंगाला एका कंपनीनं कोळशावर चालणारी वीजभट्टी काढायचं ठरवलं. उंच चिमणी, कोळशाचं आवार, राखेचं तळं, आणि रात्रंदिवस लॉऱ्या. आजूबाजूच्या कारखान्यांना वीज आणि गावाला विकास. तुरीचा व्यापारी आप्पाराव तर विकास आपल्याच ओट्यावर उतरणार असल्यासारखा ओटा सारवून बसला. पोरांना नोकऱ्या लागणार, जमिनीला भाव येणार, धाबे निघणार. शिवशरणचा मुलगा महांतेश त्याच ओट्यावर बसायला लागला.

"अप्पा, तुमच्या त्या कार्बननं माझं लगीन अडवलंय," तो एकदा जेवताना म्हणाला. "पोरीवाले इचारायलेत, पोरगा कंपनीत लागनार का. मी काय सांगू? माझा बाप हत्ती मोजायलाय म्हनून?"

"लगीन करून ठेवशील कुठं बायकोला? राखंत?" शिवशरण ताटावरून उठलाच.

"बसून बोला की," जगदेवी म्हणाली. सवयीनं म्हणायची, उपयोग नव्हता.

त्याचं रान राखेच्या तळ्याच्या आखणीला लागूनच होतं. विहीर तर त्याहून जवळ. पण शिवशरण स्वतःच्या विहिरीचं नाव काढायचा नाही. तो म्हणायचा, माझी विहीर बुजली तर मी दुसरीकडं पाणी पिईन, हवा दुसरीकडची कुठून आणू? हे मात्र त्यानं हत्तींवाचून सांगितलं, आणि लोकांनी हसल्यावाचून ऐकलं. मग तो दारोदार फिरला. एका घरी चहा मागायचा, तो होईस्तोवर दुसऱ्या घरी बोलून यायचा, आणि थंड झालेला चहा उभ्यानं पिऊन तिसऱ्या घरी निघायचा. दिवाळी सरेपर्यंत त्यानं गाव बरंचसं फिरवलं. बसवण्णाच्या देवळापुढं सभा घेतली, सगळ्यांना पायरीला हात लावायला लावला आणि शपथ घातली: सर्व्हेला येणाऱ्या कंपनीच्या माणसाला कुणी थारा द्यायचा नाही. खाट नाही, सावली नाही, पाणीसुद्धा नाही.

"पानी बी न्हाई?" शेजारच्या राजूबाईनं विचारलं. "अण्णा, पान्याला न्हाई म्हनू न्हये."

"पानी पाजलं की मानूस बसतोय, राजूअक्का. बसला की बोलतोय. बोलला की तुमी माना डोलवनार."

राजूबाईनं पायरीला हात लावला. पुढच्याच आठवड्यात सर्व्हेवाल्यांचा एक माणूस भर उन्हात तिच्या दारात येऊन ओंजळ धरून उभा राहिला, आणि तिनं दार लावून घेतलं. त्या रात्री तिला घास गेला नाही. हे तिनं साऱ्या गल्लीला सांगितलं आणि वर म्हणाली, "पन शपत मोडली न्हाई मी."

त्यानंतर येळवस आली.

मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला ह्या कानडी-मराठी सीमाभागात गावात चूल पेटत नाही, माणूस राहत नाही. रात्रभर बायका रांधतात आणि सकाळी सगळं गाव टोपल्या डोक्यावर घेऊन रानात. कडब्याची झोपडीवजा कोपी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आंबील पिकावर शिंपडत रानाला फेरी मारायची, आणि मग बांधावरून जाणाऱ्या दिसेल त्या माणसाला हाका मारून जेवायला बसवायचं. ओळख विचारायची नाही. त्या दिवशी रानातून कुणी उपाशी गेला, तर वर्षभर रान तोंड फिरवतं असं मानतात.

जगदेवीनं सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी केली होती, बाजरीचे उंडे केले होते, तिळाच्या भाकरी, शेंगाच्या पोळ्या, गव्हाची खीर. पांडवांना नैवेद्य दाखवून ती वळली, तर बांधावर चौघं उभी. तीन बापे आणि एक पोरगी, डोक्यावर पिवळ्या टोप्या, हातात ती तीन पायांची दुर्बीण. त्यांची जीप कुठं अडकली होती की ड्रायव्हर येळवशीला घरी गेला होता, कोण जाणे. हॉटेल बंद, गाव बंद. पोरगी कोपीकडं बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती.

"अवो," जगदेवी हळूच म्हणाली, "पाहुणे हायेत."

"पाहुणे न्हाईत ते. कंपनीचे हायेत."

"आज येळवस हाय."

"शपत घेतलीय गावानं!"

"शपत देवळात घेतली. हे रान हाय. कोपीसमोर उपाशी मानूस उभा ऱ्हायला तर हे पाची जन उठून जातील, आन त्यांना परत आनायला तुमचा कार्बन जानार हाय का?"

शिवशरणनं कोपीला एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीत त्याचा टॉवेल कडब्यात अडकला, तो तिथंच सोडून तो बांधाकडं निघाला आणि लांबूनच ओरडला, "ओ साहेब, कामून उभे ऱ्हायलाव? या की! हात धुवा!"

आणि एकदा या म्हटल्यावर कमी वाढणं त्याच्या रक्तात नव्हतं. आंबिलीचा मटका त्यानं स्वतः उचलला. अजून घ्या, तुम्ही काहीच घेईनात, ही खीर काय तशीच ठेवायची का, असा आग्रह केला, की एका बाप्यानं कमरेचा पट्टा सैल केला. वाढता वाढता त्यानं त्यांना भट्टी कशी नको, राख कशी उडेल, हवा कशी बिघडेल ते सगळं सांगितलं. हत्तींची संख्याही उदारपणे वाढली. पोरगी हैदराबादची होती. दोन्ही गालांत भाकरी धरून ती मान डोलवत होती. जाताना म्हणाली, "अंकल, एक फोटो लेऊं?"

शिवशरणनं टॉवेल कडब्यातून सोडवून नीट खांद्यावर घेतला आणि हात जोडले.

पाहुणे बांधाआड गेल्यावर दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. आजूबाजूच्या रानांतली माणसं जेवून कोपीत आडवी झाली होती. महांतेश आप्पारावच्या रानात जेवायला गेला होता. कुणी पाहिलं नव्हतं.

"गावाला सांगून टाकू," जगदेवी म्हणाली. "येळवस होती, वाढलं. त्यात काय?"

"सांगितलं तर राजूअक्का मला उभा चिरील. आन तो आप्पाराव वाटच बघायलाय. लोक म्हनतील, आमाला पानी बंद आन ह्याच्या रानात पंगत. एकदा का मानसं माझ्यावरनं उठली, की भट्टी आलीच समज. सुनावनी होऊ दे. मंग सांगू."

भट्टीची सरकारी सुनावणी उन्हाळ्यात होती. तोपर्यंतचे महिने त्या घरानं कसे काढले ते त्या घरालाच ठाऊक. शिवशरण आधीच पाऱ्यासारखा. आता तो अंगणातून परसात, परसातून अंगणात येरझाऱ्या घालून जमिनीला पायवाट पाडायला लागला. कुणी सहज "काय अण्णा, येळवस कशी झाली?" म्हटलं तरी हा म्हणायचा, "कोन सांगितलं तुला?" जगदेवीच्या हातून भांडी पडायला लागली. राजूबाई पाण्याची घागर घेऊन दारावरून गेली, की जगदेवी मोरीत जाऊन लपायची. महांतेशला वाटलं आईबापांचं आपसांत बिनसलंय. दोन दिवस त्यानं लग्नाचा विषय काढला नाही.

सुनावणी शाळेच्या पटांगणात मंडप घालून झाली. जिल्ह्याचे साहेब आले, पोलीस आले, कंपनीचे अधिकारी आले, आणि त्यांच्यासोबत पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र घेऊन ती हैदराबादची पोरगी आली. जगदेवीनं तिला पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

शिवशरण माईकपाशी उभा होता. आज हत्ती सांगायचे नाहीत, असं जगदेवीनं त्याला बजावून पाठवलं होतं. त्यानं "मान्यवर साहेब" एवढं म्हटलं असेल नसेल, कंपनीचा अधिकारी शांतपणे म्हणाला, "ह्यांच्या बोलण्याआधी एक दाखवतो." पडद्यावर कोपी आली. कोपीपुढं पंगत. पंगतीत पिवळ्या टोप्या. आणि मधोमध हात जोडून, दात काढून कार्बनअण्णा. अधिकाऱ्यानं कानडीत वाचलं, की सर्व्हेच्या वेळी गावकऱ्यांनी पारंपरिक भोजन देऊन प्रकल्पाचं स्वागत केलं आणि खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली.

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळा मंडप हसला. मग हसता हसता लोकांना शपथ आठवली.

"अण्णा!" राजूबाई उभी राहिली. "मी तान्हेल्या मानसाच्या तोंडावर दार लावले, ते पाप अजून माझ्या पोटात हाय. आन तुमी तिकडं त्यांना खीर पाजायलाव?"

"खीर कोन फुकट पाजतंय व्हय?" आप्पाराव मागून म्हणाला. "काहीतरी ठरलं असंलच की."

"आमाला शपता, आन सोताला पंगती!" आणखी कुणी ओरडलं.

शिवशरणनं पडद्याकडं पाहिलं. आणि मग तो मागच्या खुर्चीवर बसला. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, हात मांडीवर ठेवून, न हलता. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन बाळंतपणं झाली, सासरा गेला, सासू गेली, एवढ्यात हा माणूस असा बसलेला तिनं पाहिला नव्हता.

ती बायकांच्या घोळक्यातून उठली. कुणी पदर ओढला, तो सोडवून घेतला आणि माईक दोन्ही हातांनी धरला, चुलीवरचं भांडं धरावं तसा.

"मी जगदेवी. ह्यांची बायको. त्या फोटोत भाकरी हाय ती माझ्या हातची हाय. मी वाढा म्हनले म्हनून ह्यांनी वाढलं." तिनं आवाज मोठा केला. "साहेब, येळवशीला रानात आलेल्याला आमी नाव इचारत न्हाई. चोर आला तर त्याला बी वाढताव. म्हनून जेवून गेलेल्या चोरानं म्हनावं का, की ह्यांनी मला किल्ली दिली?"

"अक्का, चोर कामून म्हनायलाव—" अधिकारी म्हणाला.

"तुमाला न्हाई म्हनले. तुमी जेवायला कुठं होताव?" ती पोरीकडं वळली. "ही होती. ए पोरी, तू सांग. खाल्लेल्या अन्नाला स्मरून सांग. वाढताना ह्यांनी तुला काय म्हनलं?"

पोरगी यंत्राच्या मागं लपायला बघत होती, पण यंत्र लहान होतं. तिनं अधिकाऱ्याकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं, जगदेवीकडं पाहिलं.

"अंकल तो..." ती म्हणाली. "अंकल एकीच बात बोल रहे थे. कारखाना नक्को. खीर डाले तो बोले नक्को, भाकरी डाले तो बोले नक्को. फिर हाथी की कुछ बातां बोले, मेरे कू समझ में नै आई. मैं पेट भर के खाई, अक्का. झूट नै बोलती."

मंडपात असा हशा उठला, की साहेबांनीही रुमाल तोंडाला लावला. आप्पाराव आपली चप्पल शोधू लागला. राजूबाई तरातरा पुढं आली, जगदेवीच्या हातातून माईक घेतला आणि आधी तिच्याकडं बघून म्हणाली, "तुला मी घरी बघते. मला बी हाक मारली असती तर मी बी त्यांना पानी पाजून माझं पाप फेडलं असतं की." मग साहेबांकडं वळून म्हणाली, "लिवून घ्या, भट्टी नको." तिच्यामागं रांग लागली. रांगेत शेवटी महांतेशही होता. तो माईकपर्यंत आला आणि काहीच न बोलता परत गेला. पण तो रांगेत उभा राहिला हे जगदेवीनं पाहिलं.

विरोधाची नोंद झाली. पाऊसकाळ सरता सरता कंपनीनं दुबलगुंडीचा प्रस्ताव मागं घेतला. कारण दिलं ते कोळशाच्या वाहतुकीचं. गावानं तरीही देवळापुढं पेढे वाटले, आणि शिवशरणनं ते चालता चालता खाल्ले.

पुढच्या वर्षी तीच भट्टी, तेवढीच चिमणी आणि तसंच राखेचं तळं कलबुर्गी जिल्ह्यातल्या एका गावाला मंजुरीसाठी गेलं. दुबलगुंडीची माणसं म्हणाली, आपल्याला काय त्याचं. शिवशरण म्हणाला, "हवेला काय जिल्हा असतोय व्हय?" आणि सुनावणीच्या दिवशी पहाटे जगदेवीला घेऊन निघाला. हुमनाबादला त्यांची गाडी चुकली. दुसरी वाटेत पंक्चर झाली. ते पोचले तेव्हा मंडपवाले खुर्च्या टेम्पोत भरत होते. विरोधाला कुणी उभं राहिलं नव्हतं, असं चहावाल्यानं सांगितलं. ती भट्टी गेल्या उन्हाळ्यात सुरू झाली.